काठीला कळतं

सप्टेंबरची दहा तारीख. मेंढरं अजून डोंगरावर,
खाली आणायला आठवडा होता.
बटाटे जमिनीत, तारेवर धुतलेले मोजे,
आणि रेडिओवरची बाई म्हणाली,
उत्तरेचा वारा, थोडा पाऊस.

पाऊस नव्हताच तो.
विजेच्या तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला,
खांब एकेक करून गुडघ्यात मोडले.
ओग्मुंदुरने कंदिलाच्या उजेडात अठरा गाई हातांनी पिळल्या,
दूध न्यायला गाडी येणार नाही हे ठाऊक असून.
गाईला कुठे सांगता येतं, आजचा दिवस थांब म्हणून.

तिसऱ्या दिवशी उघडलं.
डोंगर जागेवर होता, फक्त नाकडोळे गेलेले.
घळी, ओढे, दगडी गडगे, सगळं
कुणीतरी थापीने गिलावा करून टाकलेलं.

लांब काठ्या घेऊन निघालो.
ऐंशी उलटलेली थोरगेर्दुर घसरगाडीवर बसून आली,
म्हणाली, बर्फाकडे बघू नका. डोळे मिटा. खुपसा.
दगड ठक् म्हणतो.
माती काहीच म्हणत नाही.
मेंढी काठीला जरा आत घेते
आणि परत ढकलते,
गाढ झोपलेल्याच्या कुशीत बोट रुतावं तशी.

पहिल्या दिवशी एकेचाळीस काढल्या. जिवंत नऊ.
कानाच्या खुणा कुणी तपासल्या नाहीत.
कुंपणाच्या भांडणावरून अकरा वर्षं अबोला धरलेला केतिल
माझ्याच खड्ड्यात उतरून खणत होता.
तेव्हाही बोलला नाही.
थर्मासच्या झाकणातली अर्धी कॉफी मात्र
माझ्यासाठी ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी कुत्रा एका जागी अडून बसला.
बर्फात रुपयाएवढं भोक, कडा पिवळसर,
आतून कोमट वास.
खाली दोघी होत्या. एक मेलेली,
तिच्या पाठीवरची लोकर कुरतडलेली.
दुसरी उठली, पडली, उठली,
आमच्याकडे न बघता
उघड्या पडलेल्या काळ्या गवताला तोंड लावलं.
थोरगेर्दुरने मान वळवली. कुणीच काही बोललं नाही.

चौदा सापडल्याच नाहीत. सापडल्या जूनमध्ये,
आधी कोल्ह्याला, मग आम्हाला.

काठ्या गोठ्याच्या आढ्याला परत गेल्या.
माझ्या हातातून मात्र गेल्या नाहीत.
पावाचं पीठ फुगून येतं, बोट दाबून बघते,
ते जरा आत घेतं
आणि परत ढकलतं,
आणि मी तिथेच, कणकेच्या हातांनी,
श्वास ऐकत उभी राहते.