मापवही

त्या देशात मी कधी गेलो नाही.
मत्राच्या धक्क्यावरून लाकडी गलबतं सुटतात,
तीन रात्री लागतात म्हणे, वारा बरा असला तर.
पण त्याची मापं माझ्या वहीत आहेत,
अठरा वर्षांची, फुटात आणि इंचात.

आधी उस्ताद होते, हर्णैचे हुसेनमियाँ खतीब.
राजाचा झेंडा तेव्हा हिरवा,
मधोमध मुकुट, मुकुटाला सात टोकं.
पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडू फिरवायचा, कापायचं.
वर्षाला साठ, राजाच्या वाढदिवसाला चाळीस जादा.
पैसे वेळेवर.

मग एका गुरुवारी वकिलातीतला कारकून
धावत गल्लीत शिरला, टाय सुटलेला,
तोंडावर लग्नघरातली घाई.
मुकुट काढा! लाल पट्टी, पाच तारे,
पाच प्रांतांचे पाच. शनिवारपर्यंत दोनशे.
उस्तादांनी फर्मा टाकून दिला नाही,
कपाटावर सरकवला.
म्हणाले, पुठ्ठा चांगला आहे.

काज-बटणाला आमच्याकडे याकझान होता,
तिथलाच. मत द्यायला गेला
आणि बोट उभं धरून परत आला.
आठ दिवस चमच्याने जेवला, शाई जाईल म्हणून.
मी हसलो त्याला.
माझ्या बोटाला शाई लागून सतरा वर्षं झालेली,
आणि ती मी त्याच संध्याकाळी
रॉकेलने पुसून टाकलेली.

तारा शिवणं सोपं नाही.
पाच कोपरे, आणि कुठल्याही कोपऱ्यात
कापड उसवायला बघतं.
दुसऱ्या वर्षी निरोप आला: चारच.
मग पुन्हा पाच, पण एक लहान.
मग एका दुपारी दोघे आले,
दोघेही प्रजासत्ताकाचे वकील,
दोघांच्या हातात वेगवेगळं चित्र.
एकाच बाकावर बसले,
मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून.
चहा दिला. दोघांनीही साखर जास्त मागितली.
दोघांचं लाल एकाच ताग्यातलं,
हे मी बोललो नाही.

त्यानंतर माप बदललं.
सात फूट लांब, चार फूट रुंद,
दोरी नको, कडी नको.
मी विचारलं, दोरीशिवाय चढवणार कसा?
चढवायचा नाहीये, तो म्हणाला.
पांघरायचाय.

त्या महिन्यात दीडशे.
पुढच्या महिन्याच्या पानावर नुसती रेघ आहे.
आणि एकदा, फक्त एकदाच,
साडेतीन फुटी मागवले, सव्वीस नग.
ते याकझानने शिवले.
मला मशीनला हात लावू दिला नाही.

उस्ताद गेले त्या थंडीत.
त्यांच्या मागे दुकान आलं माझ्याकडे,
आणि प्रजासत्ताकाची उधारी, नऊशे चाळीस रियाल.

गेल्या महिन्यात कारकून आला. तोच.
टायची गाठ गळ्याशी घट्ट.
राजाचा नातू परततोय, म्हणाला, लोकांनीच बोलावलंय,
लोक दमले. हिरवे चारशे, मुकुटाचे.
मी जुनं बिल पुढे केलं.
चष्मा पुसून त्याने ते वाचलं,
शेवटपर्यंत, सावकाश, आणि विचारलं,
कुठलं प्रजासत्ताक?
मग खिशातून आगाऊ रक्कम काढली,
नवी नोट, चिकटलेली.

कपाटावरून फर्मा उतरवला.
कसरीने एक टोक खाल्लेलं.
सातवं मी पेन्सिलीने आखायला घेतलं,
तर याकझानने माझ्या हातून पुठ्ठा घेतला,
आणि खडू फिरवला
जसा होता तसा, कडेकडेने,
खाल्लेल्या जागी खाल्लेला.
चारशे मुकुट, सहा टोकांचे.
शिवताना तो एक शब्द बोलला नाही,
रेडिओही लावला नाही.

काल माल न्यायला कारकून आला.
एक झेंडा उलगडून उजेडात धरला.
मी बघत होतो, त्याचे ओठ हलत होते:
चार, पाच, सहा.
परत एकदा, पहिल्यापासून.
बाहेर मगरिबची अजान सुरू झाली.
त्याने घडी घातली, घडीवर घडी,
आणि पावती मागितली.