खरखर

माझं काम होतं खरखर मारणं.
अक्राबाहेरच्या या टेकडीवर बत्तीस मीटरची थाळी,
तोंड कायम एकाच उपग्रहाकडे, अटलांटिकवर,
आणि खाली मी, कानाला हेडफोन,
तांदळातले खडे निवडावेत तसा आवाज निवडायचो,
कुणाचं तरी ‘हॅलो’ लंडनला स्वच्छ पोचावं म्हणून.

मग समुद्राखालून केबल आली.
थाळी बंद केली असंही नाही. विसरले.
बेअरिंगं गंजली, लाल डोक्याचे सरडे
काँक्रीटवर जोर काढत राहिले,
आणि ती बघत राहिली त्याच दिशेला,
उपग्रह तिथून निघून गेल्यावरही.

आता दक्षिणेकडून रेफिल्वे आलीय, दोन पेट्या ग्रीस घेऊन.
मँचेस्टरची दोन पोरं, उन्हाने टोमॅटो झालेली,
केंकीबरोबर मिरची खातात आणि रडतात.
वीत्स्के हॉलंडातून रोज एकच विचारते: घड्याळ ठीक?
मान अवघडलेल्या म्हाताऱ्याला वळवावं
तशी आम्ही थाळी वळवली. पहिल्या दिवशी चार अंश.
अशी किंचाळली, की शेजारच्या चर्चमधली प्रार्थना थांबली.

मीटिंगमध्ये सगळे आपापल्या वेळेतून तास वजा करतात,
एक, दोन, कुणी आठ. आम्हाला वजाबाकी नाही.
घानाची वेळ तीच, जी ताऱ्यांच्या वहीत लिहितात.
हे मी तीनदा सांगितलं. तीनदा सगळे हसले,
तिसऱ्यांदा जरा सौजन्याने.

द्झिफा मला शिकवते. नातीच्या वयाची.
म्हणते, मिस्टर ओब्लितेई, आता उलटं करायचं.
टॅक्सीचा रेडिओ, मोबाइलचा टॉवर, पाद्रीबाबांचा माइक,
जे जे बोलतं ते गाळायचं.
उरते ती खरखर जपून ठेवायची.
आयुष्यभर फेकलं तेच आता डब्यात भरतोय.

ती म्हणते, ही खरखर एका ढगाची आहे,
तिथे तारे जन्मतात, आणि ढगात आहे मिथेनॉल.
दारू? मी विचारलं.
तशीच, पण प्यायलात तर डोळे जातील.
आमच्या गावच्या भट्टीवरही एकाचे गेले होते.

परवा ऐन निरीक्षणात दुमसोर.
दिवे गेले, जनरेटर खोकला, मग लागला.
अकरा सेकंदं गहाळ. वीत्स्केने लिहिलं, चालेल,
इटलीत काल बोकड केबलवर बसला होता.

त्र्याऐंशी साली रानं पेटली होती, मका मिळत नव्हता,
तेव्हा लाइनवर एक बाई यायची, हॅम्बुर्गच्या मुलासाठी.
तीन मिनिटांचे पैसे भरलेले.
एकदा दोघंही गप्प. मला वाटलं लाइन मेली,
म्हणून कान देऊन ऐकलं.
इकडे श्वास. तिकडे श्वास.
खरखर मारायला हात गेला होता, तो मागे घेतला.
चौथं मिनिट मी मोजलंच नाही.

आज पहाटे हॉलंडातून एक आलेख आला.
सगळीकडे गवत, आणि मध्ये एकच काडी
ताठ उभी.
द्झिफा खुर्चीवर चढून ओरडली. फोनमध्ये रेफिल्वे ओरडली.
मी विचारलं, पलीकडून कोण बोललं?
कोणीच नाही.
मग एवढं काय झालं?
ती खाली उतरली. म्हणाली,
जोहान्सबर्गजवळच्या थाळीने जे ऐकलं
तेच आपण ऐकलं. तेच, मिस्टर ओब्लितेई, जरा पुढे-मागे.

कपाटात जुनी नोंदवही होती, वाळवीने कडा खाल्लेली.
रकाने तेच: कुठून, कुठे, मिनिटं, आकार.
‘कुठून’ मी मोकळा ठेवला.
‘कुठे’मध्ये पाच देशांची नावं बसेनात,
समासात गेली.
मिनिटांत अकरा सेकंदं वजा केली.
आकाराच्या रकान्यावर पेन ठेवून बसलो आहे,
द्झिफा म्हणते, चहा गार होतोय.