निळा ठिपका

बॉनेट बसत नाही.
डावीकडे टेकलं की उजवीकडे उचलतं,
उजवीकडे दाबलं की पुढची जाळी आ वासते.
माहितीपत्रक जपानी. चित्रात नुसता एक बाण:
भाग चौदा, वरून खाली, झालं.
बाण काढणाऱ्याचं काय जातं.

साडेदहाला पंखा बंद करतो.
प्लास्टिकचा भुगा उडून दह्याच्या विरजणात पडतो
अशी सुलभाची तक्रार आहे, आणि खरी आहे.
समोरच्या बेकरीत ट्रे आपटतात,
माझगाव रात्रभर पाव भाजत असतं.
टेबलावर सगळं लॅबमधलंच सामान:
मेणाची सुरी, स्पिरिटचा दिवा, झिजलेले बर.
एकतीस वर्षं यांनीच कवळ्या घासल्या.
तोंडं मी क्वचितच पाहिली.
माझ्याकडे यायचे ते प्लास्टरचे जबडे,
बुडाला पेन्सिलीनं आडनाव:
डिमेलो. वखारिया. पाणंदीकर.

किट निहारचं.
क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतून घेतलेलं,
बोनसमधून, घासाघीस करून.
तो बारा वर्षांचा. आठ दिवस गप्प बसून जोडत होता,
मग बॉनेटशी अडला.
दाबलं, दाबलं, आणि एकदा भिंतीवर फेकलं.
मी जेवता जेवता म्हणालो,
तुझ्या हाताला सबुरी नाही.
एवढंच.
खोका माळ्यावर गेला.
निहार आता सानपाड्याला असतो, कर्जाचे हप्ते फेडतो,
भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलावतो.

चेसिसला पीळ होता, तो कोमट पाण्यात काढला.
चाकं फिरती केली.
मग तीन रात्री बॉनेटची उजवी कड घासली,
गोंद न लावता बसवून बघायचं, काढायचं,
पुन्हा दोन हात पॉलिश पेपर.
कड पातळ होत गेली.
बॉनेट तस्संच.

तेव्हा पाणंदीकरबाई आठवल्या.
पाच वेळा कवळी परत पाठवली होती त्यांनी.
पुढे टोचतं म्हणायच्या, मी पुढे घासायचो.
डॉक्टर म्हणाले, बाईंना सवय आहे कुरकुरायची.
सहाव्यांदा मी दाताखाली निळा कागद धरायला लावला.
ठिपका उमटला पार मागच्या दाढेवर.
दुखतं तिथे नसतं ते,
टेकतं तिथे असतं.

त्या कागदाची एक पट्टी अजून डबीत होती.
बॉनेटखाली सरकवली, बोटानं हलकेच दाबलं, उचललं.
कडेला काही नाही. जाळीला काही नाही.
ठिपका इंजिनमागच्या आडव्या भिंतीवर,
भाग नऊ,
मोहरीएवढा, निळा.

भिंग घेतलं.
भागाची खुंटी केसभर लांब. साच्यातच.
कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी पाळीला,
आणि तशीच हजारो खोक्यांत गेली असेल.
निहारनं ती भिंत चिकटवली होती
चित्रातल्यासारखी, काटकोनात,
गोंदाचा एक थेंब बाहेर नाही.
मी एकतीस वर्षं या धंद्यात,
मला याहून सरळ लावता आली नसती.

बरनं चार फिरक्या. पुन्हा कागद. ठिपका फिकट.
आणखी दोन.
बॉनेट बसलं.
आवाजसुद्धा झाला नाही.

आता उजवीकडे फट आहे.
ती साच्याची नाही, माझी;
बिचारी कड बरोबर होती आणि मी तिला तीन रात्री घासली.
पुट्टी भरून, रंग मारून दिसेनाशी करता येते.
भरायची का, ते अजून ठरत नाही.

पाव उतरले असावेत, वास आलाय.
निहार साडेसातला उठतो.
फोन करीन म्हणतो.
काय बोलायचं ते जुळवून बघतोय, गोंद न लावता:
अरे, ती तुझी गाडी.
भाग नऊ केसभर उंच होता.