बारा दिवसांचा अहवाल

पाळकसाहेब म्हणाले, रविवारी साक्ष द्या सिस्टर,
दहा मिनिटं, फोटोंसकट.
प्रवचनाच्या आधी बसवतो.

म्हणून वहीत लिहून काढलं:
आम्ही आठ जण. तीन विमानं, मग एक टेम्पो.
मलावीतलं गाव, माती लाल,
मका पुरुषभर उंच, आपल्या पन्हाळ्याखालच्या शिवारासारखाच.
डॉक्टर समुद्रेंनी एकशे बारा दात काढले.
चारशे चष्मे वाटले, त्यातले साठ पुन्हा बदलून द्यावे लागले.
मी रक्तदाब बघितले
आणि एका पोराची नाळ कापली
जे आमचं शिबिर उघडायच्या आधीच, पहाटे येऊन बसलं होतं.
बाया ओल ओढून घ्यावी तसं गाणं ओढून घेत होत्या.
(हे खोडलं. कुणाला कळणार?)
शेवटी लिहिलं:
लोक गरीब आहेत, पण समाधानी.

आणि हात थांबला.

हे वाक्य मी वाचलंय.
चर्चच्या कपाटात, वाळवीनं कडा खाल्लेल्या फायलीत
एकोणीसशे सव्वीसचा एक अहवाल आहे:
बैलगाडीनं बारा दिवस, पायथ्याची सात गावं,
मुक्काम वेशीबाहेर,
कातडी कमावणारा एक इसम, नाव रामा,
ऐकून घेतो, हसतो.
लोक गरीब आहेत, पण समाधानी.

रामा म्हणजे आमचा आज्जा. नंतरचा रूबेन.
डावा डोळा आरीनं गेलेला,
बाभळीच्या सालीनं हात कोपरापर्यंत तांबडे,
साबणानंही न निघणारे.
तो हसला
कारण गाडीतनं उतरलेल्या माणसानं
त्याच्या घरचं पाणी मागितलं
आणि उभ्यानं, घटाघटा, सगळ्यांच्या देखत प्यालं.
बाप्तिस्मा पुढं तीन वर्षांनी झाला.
आज्जी म्हणायची, तो दिवस धरायचा असेल तर पाण्याचा धरा.

पाचव्या दिवशी तिकडं माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
कापशी, सुभाषनगरातली, थोरल्या भावाच्या हातची.
योहाने नावाच्या म्हाताऱ्याकडं नेली मला.
आंब्याखाली बसला होता, पुढ्यात फाटक्या टायरची चळत.
त्यानं तळ पायाच्या अंगठ्यात धरला,
दोरा दातात,
मान जराशी उजवीकडं,
आणि माझ्या पोटात काहीतरी हललं,
बाबांची मान अशीच असायची.
मी त्याच्या हातातली आरी घेतली.
दुसरी गाठ मी घातली.
तो बघत राहिला. मग हसला,
माझी गाठ उसवली
आणि नीट घातली.
ढिली होती.

तिकडं बाईला अमाई म्हणतात.
मला दर वेळी आईच ऐकू यायचं,
मी दर वेळी मागं वळायची.

पैसे घेईना.
घरात हाक मारली, त्याची बायको बाहेर आली,
हातात पत्र्याचा पेला, काठोकाठ, दुसरा हात खाली धरलेला
सांडू नये म्हणून.

टेम्पोत बसल्यापासून डॉक्टरांचं एकच होतं:
बाटलीतलंच पाणी. कुणी कितीही आग्रह केला तरी.
बरोबरच आहे. चाळीस वर्षं नर्स होते मी,
मी स्वतः लोकांना हेच सांगत आले.
मी हसून पिशवीतली बाटली दाखवली.

ती पण हसली.
पेला योहानेनं घेतला आणि प्याला, सावकाश,
मला दाखवत नाही, माझ्यापासून लपवतही नाही.

रविवारी मी दात सांगितले. चष्मे सांगितले.
बाळाच्या फोटोला सगळ्यांनी अय्या केलं.
वहीतलं शेवटचं वाक्य वाचलं नाही,
त्यामुळं साक्ष सात मिनिटांत संपली
आणि पुढं काय बोलावं ते सुचेना.
पायात तीच चप्पल, डाव्या तळाला टायर,
फरशीवर थोडी चिकटणारी.

मागच्या बाकावरून येसाबाई आवळे,
ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं:
आणि पाणी गं? तिथलं पाणी कसं होतं?

मी पडद्याच्या मधेच उभी होते.
प्रोजेक्टर चालू होता.
माझ्या तोंडावर कुणाचे तरी दात पडले होते.