पाटीचा दगड

टायसनबाईंचं नाव कोरायचं काम माझ्याकडे आलं
तेव्हा आधी आठवलं ते खिळ्यांचं खोकं.

"द बॉक्स ऑफ नेल्स आर हेवी"
असं मी लिहिलं होतं, अकरा वर्षांचा असताना,
कम्ब्रियातल्या डोंगराखालच्या शाळेत.
बाई रागावल्या नाहीत. माझं बोट धरलं,
"ऑफ नेल्स"वर ठेवलं, दाबलं.
आता वाच. जड काय आहे?
खोकं.
किती खोकी?
एक.
मग खिळ्यांच्या खुळखुळाटात कर्ता हरवू नकोस, एडविन.

तेवढंच व्याकरण मला आजवर पुरलं आहे.

त्यांचा नवरा जॉस, मेंढपाळ.
त्याच्या तोंडी सगळा गावच एकवचनी:
वी वॉज, दे वॉज, देम डॉग्ज इज.
चाळीस वर्षं बाई त्याच्या मागून त्याची वाक्यं उचलत गेल्या,
घरभर पडलेले मोजे उचलावेत तशा.
तो दारातून ओरडायचा, "द शीप इज आउट!"
त्या कणीक तिंबता तिंबता विचारायच्या, "एक की सगळ्या?"
कारण इंग्रजीत मेंढी एक असो की चारशे,
शब्द तेवढाच;
कळप मोजायचा तो क्रियापदावर.
जॉस टोपी मागे सारायचा.
"सगळ्या, हेस्टर. आता येतेस,
की आधी वाक्य दुरुस्त करू?"

तो गेला, त्याला बारा वर्षं झाली.
दगड मीच कोरला, इथल्याच खाणीतला,
हिरवट, पाटीचा.

हिअर लाइज
जोसाया टायसन

खाली वीतभर जागा सोडायला बाईंनी सांगितलं होतं.
त्यांनी जागा मोजली, पैसे मोजले,
आणि छिन्नी अजून माझ्या हातातच होती
तेव्हा पहिल्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं.
हा एस बघ.
नामाला लागला तर अनेक,
क्रियापदाला लागला तर एकटा.
मी येईन तेव्हा हा काढावा लागेल.

म्हटलं, बाई, पाटी असली तरी शाळेतली नव्हे,
थुंकी लावून पुसायला.
त्या म्हणाल्या, विचार कर.
मला काही घाई नाही.

फेब्रुवारीत आल्या.
मुलाचं अ‍ॅडलेडहून पत्र: नाव घाला, बाकी राहू द्या,
कोण वाचतंय.
मी वाचतो, विल्फ.

"अँड हेस्टर" कोरलं, मागे सरलो,
आणि बघता बघता ओळ चुकली.
बारा वर्षं बरोबर असलेली ओळ,
तिच्यातलं एक अक्षरही हललं नव्हतं.

दोन सूत दगड घासून सगळंच नव्यानं कोरता आलं असतं.
पण मग जॉसही गेला असता,
त्याच्या ओ-मध्ये धरलेलं पिवळं दगडफूल गेलं असतं.
मी त्याच खाणीचा तुकडा कुटला,
वस्त्रगाळ केला, डिंकात कालवला,
आणि एस भरला. तीन संध्याकाळी.
बिलात तो लावला नाही. काय म्हणून लावणार?

उन्हात बघाल तर आता चोख आहे.
हिअर लाय. दोघं. बाईंचं पोट भरेल इतकं बरोबर.

फक्त भरलेली भुकटी पाणी वेगळं पिते.
सर आली की दगड काळा होतो
आणि तेवढा एस फिका, वळवळीत, वर येतो:
हिअर लाइज जोसाया अँड हेस्टर.
असं फक्त जॉस बोलला असता.
आणि आमच्या खोऱ्यात कोरडे दिवस
बोटांवर मोजावेत इतकेच.

परवा चर्चच्या नव्या व्हिकरबाई म्हणाल्या,
एडविन, तुझं काम उतरलं रे,
पुन्हा भरतोस का?

मी त्या ओल्या अक्षरावर बोट ठेवलं.
गार होतं.
म्हटलं, असू दे,
त्यांचं अजून मिटलेलं नाही.