ठिपका

जहराच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत,
दोन हजार तीनच्या मार्चात,
माझ्या ताब्यात एक फ्रीज होता.
किल्ली गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी.
आत मेंढ्यांचं रक्त, फाशी होऊन मेलेल्या.
आमच्या मिरजेकडे या रोगाला फाशीच म्हणतात:
जनावर उभ्या उभ्या कोसळतं,
रक्त काळं, गोठायचं नाव घेत नाही,
आणि पुरलं तरी जमीन विसरत नाही.

खिडक्यांना चिकटपट्टी लावून झाली होती.
डॉक्टर मुतलकना गॅस मास्क मिळाला होता,
मला ओला टॉवेल आणि सूचनांचा कागद,
तोही अरबीत.
बाहेरचा रस्ता सरळ बसऱ्याला जातो.
रात्रभर त्यावरून ट्रेलर, ट्रेलरवर रणगाडे.

मुतलक म्हणायचे, घरात शिरल्याशिवाय कळत नाही.
नव्वद साली ते आमच्यात शिरले
तेव्हा दार वाजवलं होतं का?
आता एकेक कपाट उघडायचं.
बोलताना बघायचे मात्र माझ्या फ्रीजकडे.

बाबिकर सुदानचा. सुई टोचताना मेंढी धरून ठेवायचा.
चहा ओतत म्हणायचा,
बारा वर्षं गप्प बसलाय ना तो?
धाक आहे म्हणून बसलाय.
ज्याला बिछाना आहे तो बिछान्याला जपतो.
बिछानाच ओढलात
तर मग कशासाठी थांबेल?

मी दोघांनाही मान डोलवायचे.
व्हिसा मुतलकच्या हातात,
चहा बाबिकरच्या.

मनात म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली तर मारतील, आहे म्हणून.
नाही उघडली तर मारतील, असेल म्हणून.
इतकी वर्षं आवळल्यावर
मुठीत काय आहे
ते बोटांना तरी आठवत असेल का?

वीस तारखेला भोंगा वाजला.
तळघरात, टॉवेल नाकाला,
एकदम आठवलं: कुलूप लावलं का?
किल्ली गळ्यात होती.
पण ते उत्तर नव्हे.

वर आले तर फ्रीजचं दार अर्धवट,
आतला दिवा आपला चालू.
मोजल्या. चार नळ्या.
नोंदवहीत आधीच्या माणसाचं अक्षर, अरबी आकडा: चार.
आणि चारच्या उजवीकडे
एक ठिपका.

अरबीत शून्य म्हणजे नुसता ठिपका.
तर मग चाळीस.
किंवा चार, आणि माशी बसून गेली.

छत्तीस नळ्या, किंवा माशी.

मुतलकनी कपाटं फोडली. औषधांची, कागदांची,
शेवटी बाबिकरची ट्रंक.
निघालं काय? मुलीचा पिवळा फ्रॉक,
मी दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी, अर्धी.
साप साप म्हणून भुई धोपटून झाली.
मुतलक घाम पुसत म्हणाले,
म्हणजे फारच चांगलं लपवलंय.

बाबिकरने ट्रंक दोरीने बांधली आणि गेला.
मेंढ्या धरायला कोणी उरलं नाही.
फोडलेली कुलपं तशीच लोंबत होती,
आणि त्या रात्री आत कोणीही येऊ शकलं असतं,
आणि खऱ्या चार नळ्या
आतच होत्या.

धाकाची बाजू घेते आहे असं नाही.
किल्ली माझ्याच गळ्यात होती ना,
आणि दार उघडं टाकून पळाले
तीही धाकानेच.

पहाटे वही पुढ्यात घेतली.
ठिपका नखाने खरवडला.
थोडा निघाला.
थोडा राहिला.

मग खाली, बँकेच्या चेकवर लिहितात तसं,
देवनागरीत लिहिलं:
अक्षरी चार फक्त.
सही केली.
तिथे ते
कोणालाच वाचता येत नव्हतं.