एकेचाळिसावं पिंप

एकतीस मार्चला रात्री भोसरीत
आम्ही पिंपं मोजत होतो.
मी, आणि पहिल्याच वर्षाचा आमचा आर्टिकल, निषाद.
क्वेंचिंग ऑईल, दोनशे दहा लिटर, झाकण बंद.
दर पिंपामागे यादीवर हिरव्या पेनाची एक खूण.
पुढे स्टोअरचे तापकीर, मोबाईलचा उजेड धरून.

"मागची रांग राहू द्या मॅडम, उंदीर आहेत,"
मॅनेजर म्हणाले.
तापकीर काहीच म्हणाले नाहीत.
फक्त त्यांच्या हातातला उजेड
त्या रांगेवर जरा जास्त वेळ थांबला.

एकेचाळिसाव्या पिंपाला टिचकी मारली.
आवाज बद्द. म्हणजे भरलेलं.
मग उघडायचं कशाला, निषाद म्हणाला,
कागदावर पंचेचाळीस, जमिनीवर पंचेचाळीस,
आणि कँटीनचे वडे गार होतायत.

पान्यानं झाकण काढलं. पट्टी आत सोडली, वर घेतली,
रुमालाला पुसली.
रुमाल ओला झाला.
काळा झाला नाही.

मागच्या पाचही पिंपांत पाणी,
एमआयडीसीचं, क्लोरीनचा वास येणारं,
वहीत मात्र तेलाच्या भावानं.

याच कंपनीचं सामाजिक दायित्व बघायला
फेब्रुवारीत मी राजगुरुनगरच्या पुढे गेले होते.
जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा,
भिंतीला टेकून निळं जलशुद्धीकरण यंत्र,
त्यावर कंपनीचं नाव, अध्यक्षांचं नाव,
अध्यक्षांच्या आईंचं नाव, कै. लावून.
खर्च मंजूर, बिल जोडलेलं, फोटो रंगीत.
नळ सोडला. नळानं नुसता घसा खाकरला.
चौथीतली एक मुलगी म्हणाली,
"ते फोटोच्या दिवशी चालतं."
तिच्या काखेत घरून भरून आणलेली
कोल्ड्रिंकची जुनी बाटली.

म्हणजे तेलाच्या जागी पाणी
आणि पाण्याच्या जागी नाव.
हे वाक्य मला नाशिक फाट्याच्या सिग्नलला सुचलं
आणि लगेच लाज वाटली.
अहवालात सुचलेलं लिहीत नाहीत.
सापडलेलं लिहितात.

पाच एप्रिल. बाणेर, चौदावा मजला, ऑडिट कमिटी.
प्रत्येकापुढे काचेची बाटली, गार, थेंब धरलेली.
फायनान्सचे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले,
दोनशे कोटींच्या उलाढालीत पाच पिंपं, मॅडम.
ही रक्कम लक्षणीय म्हणायची का?

गणितानं नाही. तेवढं मलाही येतं.
पण नारायण पेठेतल्या जिन्याखालच्या ऑफिसात
आमचे आगटे सर सांगायचे,
चूक असेल तर रक्कम बघ,
लबाडी असेल तर हात बघ.
मी तसं म्हटलं, थोडं सभ्य शब्दांत.

स्वतंत्र संचालक तीन.
एक फोनमध्ये होते.
दुसऱ्यांनी मान अशी हलवली
की इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीनं पेन उचललं आणि परत ठेवलं.
तिसऱ्या विद्वांस बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या,
पर्समध्ये बराच वेळ चष्मा शोधत होत्या.
सापडल्यावर माझी यादी जवळ ओढून म्हणाल्या,
"पाच तुम्ही उघडलीत. छान केलंत.
आधीची चाळीस कुणी उघडली?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.
मी यादीकडे.
एक ते चाळीस, हिरव्या खुणा, एका रांगेत, सुबक,
सगळ्या बंद झाकणांवरच्या.
कुणीच तर सांगितलं नव्हतं त्यांच्याकडे उंदीर आहेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भोसरी.
गोदामाला आमचंच सील होतं, ते मीच तोडलं.
निषाद गप्प, डबा घेऊन आलेला.
तापकीर आधीच दारात उभे, हातात पाना,
बाह्या दुमडलेल्या.
त्यांनी एवढंच विचारलं,
"पहिल्यापासनं ना?"